गोणीत वजन नाही

दिंडोरी रोडला, मार्केट यार्डाच्या भुईकाट्यावर
मी बसते. दुपारी दोन ते रात्री दहा.
गाडी चढते, थांबते, काचेपलीकडे आकडे थरथरतात,
मग ठरतात. मी पावती फाडते.
भरलेल्यातून रिकामं वजा,
एवढंच माझं गणित.

पावतीची मागची बाजू कोरी असते.
हे मला दिसायला अकरा वर्षं लागली.

पहिल्यांदा खिडकी काढली. मग खिडकीतला टेम्पो.
चाकं अंड्यासारखी, त्यात मागचं पुढच्याहून मोठं.
उतारावर सोडला असता
तर गोल फिरून माझ्याकडेच परत आला असता.
निळं बॉलपेन. खोडायची सोय नाही.
चुकलेली रेघ तिथेच राहते,
शेजारी दुसरी काढायची, मग तिसरी,
तिघींतली एखादी खरं बोलते.

आशेवाडीच्या शाळेत चित्रकलेचा तास होता तसा.
खैरनार बाई फळ्यावर दोन त्रिकोण काढायच्या,
मधे अर्धा सूर्य, खाली नदी, एक झोपडी,
तीनाचा आकडा आडवा पाडला की पक्षी.
आणि वर्गाच्या खिडकीत अख्खा रामशेज उभा,
माथा सपाट, विळीवर कापल्यासारखा.
आम्ही बेचाळीस पोरं. एकानेही मान वळवली नाही.
एलिमेंटरीच्या परीक्षेला बाईंनी माझं नाव घातलं होतं.
फीच्या पैशांत थोडे घालून घरी कुकर आला.
कुकर अजून चालतो.

गेल्या वर्षी कॉलेज रोडच्या एका क्लासात जाऊन आले.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, बॅच सहा ते चौदा वयाची,
तुमचं कोण आहे?
म्हटलं, आहे एक.
विचारून सांगते.

तर मग डावा हात काढत बसले.
तो कायम मोकळा असतो आणि पैसे मागत नाही.
नंतर टोमॅटो, क्रेटमधून निसटलेला.
वाटलं होतं, गोल तर आहे.
गोल नाही. देठापाशी तो खचलेला असतो,
एका बाजूला जमिनीने दाबलेला,
आणि त्याची सावली त्याच्याहून जास्त वेळ घेते.

मग एकदा पुंजाराम गांगुर्डे पावती न्यायला आला
आणि घाईत उलटी बाजू त्याच्या हातात गेली.
त्याने बराच वेळ पाहिलं. मागे दोन गाड्यांचे हॉर्न.
"मीच हाये," तो म्हणाला. मग जरा थांबून,
"पण ताई, गोणीत वजन नाही.
कापूस भरला का काय?"

दिवसाला शंभर गाड्या तोलणारी मी.
पन्नास किलोची गोणी काढली
आणि ती उशी झाली.

दुसऱ्या दिवशी त्याने काही समजावलं नाही.
खिडकीसमोरून जाताना
पाठीवर कांदा घेऊन नुसता क्षणभर थांबला,
म्हणाला, "टाच बघा."

महिनाभर टाच पाहिली.
चप्पल एका बाजूने झिजलेली,
अंगठा मातीत रुतून काहीतरी धरून ठेवणारा,
मान खांद्यांत गेलेली, कासवासारखी.
वजन गोणीत नसतंच.
गोणी मी आता चार रेघांत उरकते.

एक टाच जमली, मंगळवारी.
तेवढ्यात गर्दी झाली आणि ती पावती
सुरतच्या गाडीबरोबर निघून गेली.
पुढे चार हजार तीनशे वीस किलो,
मागे एक पाय.
पुंजारामला दाखवायची राहिली.

रामशेज मात्र अजून येत नाही.
रविवारी गावी जाते, बांधावर बसते,
समोर तो आडवा, सपाट, निवांत.
डोळे नीट पाहतात.
पेन माथ्यापाशी पोचलं
की हात आपोआप टोक करतो.