काळा दोरा

मिस्त्री म्हणाला, भिंत पूर्ण पाडू की अर्धी?
मी म्हटलं, ओट्यापासून वर.

सिडकोतल्या घरात भरदुपारी ट्यूब जळायची.
खैरनारबाईंच्या चॉकलेटी ब्लाउजला
मी मरून दोऱ्याने काजं केली होती;
त्यांनी तसाच घातला, सख्ख्या पुतणीच्या लग्नात.

तीन दिवस हातोडा. पिठात सिमेंट.
शोकेस भंगारवाल्याने नेलं,
छताला एक पारदर्शक पत्रा बसला,
आणि रविवारी कुकर लावताना
पांडवलेणीचा डोंगर थेट ओट्यावर.
एवढा जवळ होता?

उजेड एकटा नाही आला.
मिक्सरमागचा तेलाचा ओघळ,
ह्यांच्या कानामागचे पांढरे केस,
माझ्या टेपवरचे पुसलेले आकडे.

काळा दोरा ओवायचा तर
मी बाहेर पायरीवर जायचे.
शेजारच्या मंदाताई लसूण सोलत बसलेल्या,
एका दोऱ्यात तास जायचा.

आता मशीनवर बसल्या बसल्या
एका फटक्यात ओवते.

तरी चार वाजले की
सुईतून दोरा काढते,
पायरीवर येते,
म्हणते, "बघा ना ताई,
आत काही दिसतच नाही."