पंधरा वॅट

दुकानदार विचारतो, कुणासारखा आवाज हवाय?
सजीवन त्याचं नाव, कन्नूरचा,
मनामात सतरा वर्षं गिटारी विकतोय.
मी नाव सांगतो. त्याला ठाऊक नाही.
कुणालाच ठाऊक नसतं.

इनास बार्बोझ.
चौऱ्याऐंशी साली इथल्याच एका हॉटेलात
तळमजल्यावर, सिगरेटींच्या धुरात,
आठवड्याचे सहा दिवस बेस वाजवायचा.
त्याचा फोटो नाही. एक कॅसेट आहे,
अब्बांनी टेबलाखाली टेपरेकॉर्डर लपवून भरलेली.
मधे चमचे वाजतात, कुणी अरबीत बिल मागतं,
आणि ह्या सगळ्याच्या खालून
तो चालत असतो,
ओल्या रेतीवर अनवाणी, आधी टाच टेकवत.

सजीवन मान डोलावतो. म्हणजे गरम. म्हणजे गोल.
मिड थोडा वर, ट्रेबल जवळजवळ बंद.
एकेक ठोकळा पुढे ओढतो.

पहिला पंचवीस वॅटचा, दहा इंची.
आवाज भारी, पण नव्या बुटांचा,
प्रत्येक सूर कुरकुरत येतो.
दुसऱ्यात चाळीस ॲम्प कोंबलेत.
बटण फिरवलं की देश बदलतो, साल बदलतं,
वाटतं, बहुरूप्याला विचारावं,
बाबा रे, तुझं स्वतःचं तोंड कुठलं?
तिसरा बुटका. आठ इंची, पंधरा वॅट.
जाळी एका कोपऱ्यात आत दबलेली,
शोकेसमधला पीस, म्हणून नऊ दिनार कमी.

घरचंही गणित आहे.
गुदैबियात माझी खोली म्हणजे अर्धी खोली,
मधे जिप्समची भिंत, पलीकडे मर्लिन,
रात्रपाळीची नर्स, दिवसा झोपते.
बारीक आवाज भिंत अडवते.
जाड आवाज भिंतीला जुमानत नाही,
तो पलंगाच्या पायांतून वर चढतो.
म्हणून हेडफोनचं भोक आहे ना,
हे मी तीनदा विचारून घेतो.

मग फोनवर उतरवलेली ती कॅसेट लावतो.
सजीवन डोळे मिटतो. पुन्हा लाव, म्हणतो.
भिंतीवरची एक गिटार काढून
सोबत वाजवू पाहतो, आणि हसायला लागतो.
"हा ई नाही. ई फ्लॅटही नाही.
दोन्हींच्या मधे कुठेतरी. भाई, टेप ताणलीये."

ताणलीये.
अब्बांची कंपनीची पिकअप
सित्र्याला रिफायनरीबाहेर दिवसदिवस उन्हात,
आणि डॅशबोर्डवर ही कॅसेट.
जुलै, ऑगस्ट. कितीतरी जुलै, ऑगस्ट.
कवच एका बाजूने पापडासारखं वाकलेलं,
लहानपणी मला वाटायचं, कॅसेटी अशाच असतात.
म्हणजे ज्याच्यामागे मी एवढा फिरलो
ती गोलाई इनासची किती
आणि उन्हाची किती?

दुकानाबाहेर येऊन दाभोळला फोन लावतो.
"इनास?" अब्बा ओरडतात. त्यांना कमी ऐकू येतं,
म्हणून जगालाही कमी येत असणार.
"त्याचा आवाज कडक होता रे! पत्र्यावर गारा!
पुढच्या टेबलावरची माणसं उठून मागे जायची."

मी परत आत जातो
आणि बुटका घेतो. का, ते सजीवन विचारत नाही.
पिशवी मात्र देतो, दोन पदरी.

गुरुवारी मर्लिन ड्युटीवर गेल्यावर
हेडफोन उपसून टाकतो.
अब्बांच्या कानातले बारीक आवाज आधीच गेलेत:
कुकरची शिट्टी, दाराची बेल, अम्मीची कुजबुज.
फोन दबलेल्या जाळीसमोर ठेवतो
आणि सगळ्यात जाड तार सोडतो.

टेबलावरचं कुलूप थरथरतं.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.

"येतंय," अब्बा म्हणतात.
"त्याच्यासारखं?"
"छे. पण येतंय. थांबू नको."