दाताचं माप

आवर्तन बंद झालं की
सायखेड्याच्या पुलाखाली नदी दोन हात मागे सरते
आणि हिरड्या उघड्या पडतात.
मी तेव्हा जातो. रविवारी, दुकान बंद ठेवून.
गमबूट, एक झिजलेला टूथब्रश,
प्लास्टरची रिकामी बादली.

लोक विचारतात, मासे का?
मी म्हणतो, दात.
ते हसतात, आणि मी बघून घेतो
कुणाची कुठली दाढ गेलीय.
सवय. धंदाच तो.

हे वेड रज्जाक पिंजारीचं.
कच्छातून मिठाचा ट्रक आणला तेव्हा
तंबाखूच्या डबीतून त्यानं काढून दिला
शार्कचा दात. दगड झालेला, काकवीच्या रंगाचा,
कडेला अजून करवत शाबूत.
"याला कवळी लागत नाही शेठ.
एक पडला की मागचा पुढं येतो."
सव्वीस वर्षं माणसांची तोंडं भरतोय मी.
असलं गिऱ्हाईक परवडलं नसतं.

कुमावत मॅडमनी तो उजेडात धरला, परत दिला.
इथं नका शोधू, म्हणाल्या.
इथं खाली सगळा काळा पाषाण,
थरावर थर, निवलेली आग.
शार्क कुठून यायचा?
मी मान हलवली
आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेलो.

तसं एकदा मिळालं काहीतरी.
दरडीतल्या चुनखडीच्या गोट्यात रुतलेली दाढ,
माझ्या अंगठ्याएवढी.
रानबैलाची असेल, मॅडम म्हणाल्या,
माणूस दगड घासत होता तेव्हाची.
मी तिचं माप घेतलं, मेणात.
का, ते विचारू नका.

बाकी बाटल्यांच्या काचा, शिंपले,
कुठल्याशा देवाचा पितळी डोळा.

आणि परवा, पाणवेलीच्या मुळांत,
वरची कवळी.
उलटी केली. डावा सुळा जरासा तिरका.
तो मीच तिरका बसवला होता.
द्वारकाबाई गायखे अडूनच बसल्या होत्या,
"माझा होता तसाच पाहिजे,
नाहीतर वर गेल्यावर आमचे हे ओळखायचे नाहीत."
बसवल्या दिवशी ओच्यातून फुटाणे काढले,
माझ्यासमोर खुर्चीतच खाऊन बघितले,
मग पैसे दिले. पन्नास कमी.

लेकानं राखेबरोबर सोडली असणार.
म्हणजे तिकडं त्या बोळक्यानंच गेल्या.

ब्रशनं घासली. गुलाबी रंग तसाच होता.
पाण्यात परत टाकवेना,
गायख्यांच्या दारात नेऊन काय सांगणार?
बादलीत ठेवली. तळाशी ती बैलाची दाढ होतीच,
मॅडमना पुन्हा दाखवायची म्हणून आणलेली.

चांदोरीपर्यंत रस्ता खराब.
हँडलला बादली, आणि आत
कुणीतरी सावकाश, घाई नसल्यासारखं,
फुटाणे खात होतं.