अ अंबाडीचा

साडेनऊला कुलूप काढते
तेव्हा दारात तिघं जण आणि एक बकरी.
बकरी गुंजनची. पटावर तिचं नाव नाही,
पण हजेरी तिचीच सगळ्यात चांगली.

शेवंताबाई डाळीतले खडे निवडता निवडता
गावातल्या भानगडीही निवडून ठेवतात,
मला सांगण्याजोग्या.

पट सव्वीस. आले एकोणीस.
त्यातला प्रज्योत आल्याबरोबर रडायला बसतो.
"काय झालं रे?"
"काही नाई."
"मग रडतोस काहून?"
"आत्ताच रडून घेतो मॅडम, मंग खेळता येते."
याला मी काय शिकवू?

तक्त्यावर अ अननसाचा.
अननस इथं कुणी पाहिलेलं नाही.
मी एकदा, वर्ध्याच्या एका लग्नात, फ्रूट सॅलडमध्ये,
चौकोनी पिवळा तुकडा,
तो अननसच होता याची आजही खात्री नाही.
"मॅडम, थे झाडाले लागते का वेलाले?"
मी खोकले.
खोकला हा आमच्या प्रशिक्षणातला
सर्वांत उपयोगी भाग.

मग तक्ता भिंतीकडे तोंड करून टांगला
आणि खडूनं अंबाडीची जुडी काढली.
अ अंबाडीचा.
एकोणीस तोंडांना एकदम पाणी सुटलं.
आ आलूचा, पोरं म्हणाली.
"आणि इ?"
"इ इचूचा!"
पुढची दहा मिनिटं सगळे पाय वर,
सतरंजी बाहेर झटकली, चपला उलट्या केल्या,
बकरीलाही तपासलं.
इ पक्का झाला. असा पक्का
कुठल्याच तक्त्यानं केला नसता.

आज वजनाचा दिवस.
काट्याला लटकलेलं पोर
विहिरीत सोडल्यासारखं ओरडतं.
भार्गव बारा किलो चारशे.
मागच्या महिन्यापेक्षा बरंच जास्त, मी खूश.
खाली उतरवला तर दोन्ही खिशांत बोरं.
बोरं काढली. मग माझी खुशीही काढून
रकान्यात खरा आकडा लिहिला.

हा आकडा फोनात भरायचा.
फोनाला रेंज फक्त हापशीच्या ओट्यावर,
तीही हात उंच केला तर.
मी ओट्यावर चढून हात वर धरून उभी.
मागं वळून पाहते तर
एकोणीस हात वर,
पोरांना वाटलं कवायत.
रस्त्यानं चाललेल्या जांभुळकर भाऊंनीही सायकल थांबवून
एक हात वर केला, कशासाठी ते न विचारता.
"पुन्हा प्रयत्न करा," फोन म्हणाला.
"पुना पयत्न करा!" सगळी रांग म्हणाली.

रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हणते,
"हात दाखव बरं."
तो दोन्ही बाजू दाखवतो.
सात वर्षं झाली. आता विचारतही नाही काही.
मागं एकदा "शाबास" म्हटलं
तर लाजला.

पण ते रात्रीचं. त्याआधी दुपार असते,
खरकटं, घासलेलं पातेलं, एक उरलेली चप्पल,
आणि तक्षशिला.
पटावरचं सगळ्यात लांब नाव,
पटातलं सगळ्यात लहान पोर.
तिची आई वेचणीला गेलेली,
मजुरांचा ऑटो परसोडीवरून अजून यायचा.
शेवंताबाई गेल्या. बकरी गेली.
मी सतरंजीवर पाय पसरले, सकाळपासून पहिल्यांदा.

तक्षू माझ्या खुर्चीवर चढली.
पाय जमिनीपासून हातभर वर,
हजेरीपट उलटा धरून
एकेकाला हाक मारली, बकरीलाही,
आणि गैरहजर म्हणून सगळ्यांवर रागावली.
मग माझ्याकडे बघून,
"मॅडम?"
"हजर," म्हटलं,
म्हणजे म्हणायला गेले; नुसती हवा आली.

"आवाज कुठी गेला तुया?"
"बसला," मी खुणेनं सांगितलं, घसा दाखवून.
तिनं पट मिटला. पट्टी उचलली.
"मंग उठव त्याले," म्हणाली,
"शाळा सुटली नाई अजून."