शंभराला एक

कावळा नाक्यावरच्या शकीलाभाभींच्या रसवंतीचा गिअर तुटला
शिमग्याच्या आठवड्यात, म्हणजे ऐन धंद्यात.
अठ्ठावीस दात्यांतले तीन गेले,
आणि तो बनवणारा कारखाना
कधीच मंगल कार्यालय झालेला.

मी मोजला. व्हर्नियर, मग फोटो, मग पुन्हा व्हर्नियर.
राजारामपुरीत अकराव्या गल्लीतल्या खोलीत
स्क्रीनवर तो उभा राहिला
राखाडी, तुटायच्या आधीचा.
दाते एकेक काढत बसले नाही,
चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला:
दाते सांगा, व्यास सांगा, गिअर घ्या.
रूममेट म्हणाली, नाद खुळा.
मी काही म्हणाले नाही, पण तेच म्हणत होते.

प्रिंटर रात्रभर चालला.
थरावर थर, केसाएवढा एकेक,
खोलीभर वितळत्या तारेचा किंचित गोड वास.
तीनला लाईट गेली, आली,
जिथं थांबला तिथं एक रेघ राहून गेली
कपाळावरच्या आठीसारखी.

शिरोलीच्या फौंड्रीत तो काळ्या वाळूत दाबला,
उचलला, त्याच्या पोकळीत बीड ओतलं.
दुसऱ्या दिवशी हातात जड, कोमट, खराखुरा गिअर.
मी तो ओढणीत गुंडाळून बसमधून आणला.

फिरला. पण खडखडत.
ऊस अर्ध्यात अडला.
भाभी म्हणाल्या,
"कवळी न लावता चावतोय गं हा."

दीडशेच्या जागी एकशे साडेअठ्ठेचाळीस.
चाळीस ओळी मी चाळीसदा वाचल्या.
चूक नव्हती. कुठंच नव्हती.
चूक सापडत नाही तेव्हा जी भूक मरते, ती मेली.

फौंड्रीवाले म्हणाले, उद्यमनगरात जा,
केरबा सुतार विचार.

सागवानाच्या भुशात पाय बुडवून म्हातारा उभा,
भिंतीवर लाल रंगाचे लाकडी पॅटर्न,
पंपांचे, इंजिनांचे, कशाकशाचे,
काहींची यंत्रं आता जगात कुठंच नसतील.
माझा प्रिंट त्यानं उजेडात धरला.
थरांवरून नख फिरवलं. करकर आवाज आला.
"ह्यात वाळू धरणार. लांबी लावलीस?"
नाही.
"उतार दिलास? वर याचा कसा तो?"
थोडा.
मग खणातून पोलादी पट्टी काढली.
"तुझ्या पट्टीशेजारी ठेव."

दोन्हींवर तीनशे लिहिलेलं.
त्याची तीन मिलिमीटरनं लांब.

"खोटी हाय न्हवं?" त्यानं विचारलं,
आणि माझं तोंड बघून स्वतःच सांगितलं,
"बीड निवताना आकसतंय, पोरी.
जेवढं जाणार तेवढं आधीच द्याचं.
शंभराला एक."

दुसऱ्या वर्षाला होतं हे. दोन मार्कांना.
मला दोन्ही मिळाले होते.

त्या रात्री प्रोग्राममध्ये एकच ओळ वाढवली:
केरबा = १.०१
आणि प्रत्येक मापाला केरबानं गुणलं.
प्रिंट घासला, लांबी भरली, पुन्हा घासला,
बोटांचे ठसे गुळगुळीत झाले, फोन ओळखेना.

आता शकीलाभाभींकडं घुंगरं वाजतात,
आलं-लिंबू घातलेल्या दोन ग्लासांचे
त्या पैसे घेत नाहीत, मी ठेवून पळते.

लॅपटॉप घेऊन केरबाकडं गेले होते, दाखवायला.
आपलं नाव त्यानं बोट ठेवून वाचलं,
हसला नाही. खूप वेळ बघत राहिला.
"एकच आकडा?" म्हणाला.
"आन् रिम जाड, मदला भाग पातळ आसंल तर?
गाभा घट्ट ठोकला तर? तवा आकसाय देतोय व्हय त्यो?"
मी टाईप करत राहिले, तो बोलत राहिला,
मग रंध्याचं पातं पुसत म्हणाला,
"सोमवारी ये. उद्यमनगर बंद आसतंय,
बोलाय वेळ मिळतोय."

बेचाळिसावी ओळ अजून रिकामीच आहे.
तिच्यापुढं लिहून ठेवलंय: सोमवारी विचारणे.