चारपैकी एक

पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी
यंत्र वाजलं.
उजवा हात, पहिली बाटली. एकोणीस तास.
बाकीच्या तीन गप्प.

काचपट्टीवर जांभळ्या ठिपक्यांचे घोस.
तुमच्या-माझ्या कातडीवर राहतात तेच,
भाडं न देता, त्रास न देता.
प्रश्न एवढाच, की हे रक्तातून आले
की सुईचं टोक धरून बाटलीत उतरले.

वॉर्डात फोन लावला.
इनासियो रेबेलो, असोळणा, अठ्ठावन्न.
पाच दिवस ताप.
छातीत धातूची झडप, सहा वर्षांची.
रक्त काढणारी इंटर्न, सुलक्षा पर्येकर,
आधी काहीच बोलली नाही.
मग म्हणाली,
स्पिरिट लावल्यावर शीर हरवली, मॅडम,
मी पुन्हा बोटाने चाचपली.

म्हणजे तुझं बोट, मी म्हटलं,
आणि दोघींनाही जरा बरं वाटलं.

माझी मावशी साळ नदीच्या काठाला
तिसऱ्या निवडायची, एकीवर एक वाजवून.
जिवंत तिसरी आणि चिखलाने गच्च भरलेली,
दोन्ही तोंड मिटूनच असतात.
एक चुकली की अख्खं कालवण गेलं.
मी घाईने टोपलीत टाकायला लागले की म्हणायची,
परत वाजय, बाये.

रिपोर्टात मी लिहिलं : बहुधा त्वचेवरचे.
'बहुधा'पाशी पेन अडलं.
तरी तसंच ठेवलं.

साडेचारला सुलक्षा स्वतःच खाली आली.
यंत्रासमोर उभी राहिली, हात ॲप्रनच्या खिशात,
आणि नवस बोलावा तशी पुटपुटली,
माझीच चूक असू दे.

बाहेर मासळीचे टेम्पो मडगावात शिरत होते.
पाच वाजून दोन मिनिटांनी
डावा हात वाजला.
तो तिने टोचला नव्हता.
सिस्टर पेर्पेतने टोचला होता,
तीस वर्षांचा सराव, पुसल्यावर शिरेला बोट नाही.

पुन्हा काचपट्टी, पुन्हा रंग.
तेच घोस.

सुलक्षाचं बोट सुटलं.
ती का रडली
हे मी विचारलं नाही.
'बहुधा' खोडलं, पुढचे दोन शब्दही,
आणि वॉर्डाचा नंबर फिरवला.

इनासियोला डोळा लागला असेल.
धातूची झडप म्हणे रात्री ऐकू येते,
टक्, टक्,
कुणी शिंपल्यावर शिंपला वाजवावा तशी.
फोनची रिंग जातेय.
अजून कुणी उचलत नाही.