अकरा फोन

अठरा हजार चारशे सहा.
ओतिएंदेने आकडा फळ्यावर लिहिला
आणि खाली दोन रेघा ओढल्या,
शाळेत गणिताचं उत्तर आलं की ओढतात तशा.
शुक्रवारी नैरोबीहून गुंतवणूकदार येणार होते.
आलेख डोंगरासारखा दिसायला हवा होता,
आणि दिसत होता.

आकडे मी सांभाळते.
त्या डोंगराच्या पोटात काय भरलंय ते मला ठाऊक होतं:
नाव नोंदवा, पन्नास शिलिंगचा टॉकटाइम फुकट.
किसुमूच्या बसस्टँडवरची पोरं रांगेने आली,
टॉकटाइम घेऊन गेली.
जन्मात कधी मासा विकला नव्हता त्यांनी.
एकाने तर स्वतःचं नाव लिहिलं होतं, तिलापिया.
तोही आम्ही मोजला.
सुजेला बाळसं म्हणायची
फार घाई झाली होती आम्हाला.

आमची पेटी तशी साधी.
वर सोलर पॅनेल, आत गारवा,
कुलूप फोनवरून उघडतं. दिवसाला साठ शिलिंग.
सरोवराच्या काठाने अशा दोनशे चाळीस ठेवल्यात.
रात्री उरलेला मासा ठेवायचा,
पहाटे काढून बाजार गाठायचा.

मंगळवारी पहाटे तीनला सर्व्हर पडला.
एकही कुलूप उघडेना.
मी फोन मांडीवर घेऊन बसले.
अठरा हजार माणसं! आता आभाळ फाटणार.

चार वाजले. फोन गप्प.
सव्वाचार.
चार चाळीसला न्यांग्वेसो:
"मासा आत ताजा आहे पोरी,
आणि गिऱ्हाईक बाहेर निघून चाललंय.
तू झोपलीस काय?"

मग एका म्हाताऱ्याने शिवी दिली,
माफी मागितली,
आणि पुन्हा तीच शिवी दिली.
एक बाई बोललीच नाही;
पेटीवर दगड घालत होती,
तो आवाज तेवढा ऐकवला तिने मला.

दुपारी बाराला कुलपं उघडली.
नऊ तासांत फोन आले अकरा.
बारावा त्यानंतर आला:
टॉकटाइम अजून मिळतो का?

संध्याकाळी आम्ही काठाने हिंडून
उरलेल्या पेट्या उघडून पाहिल्या.
आत थंड हवा होती.
नुसती. अगदी नीट राखलेली.

त्या रात्री अकरा जणांची वही केली मी.
कोण कधीपासून येतं, आठवड्यातून किती वेळा,
पेटी आल्यापासून घरात काय बदललं.
न्यांग्वेसो: दोनशे तीस दिवसांत दोनशे बारा.
पूर्वी सूर्य बुडताना मिळेल त्या भावाला विकून टाकायची.
आता म्हणते, नको असेल तर जा, उद्या ये.
दुसरी कढई घेतलीय. बहिणीला कामाला ठेवलंय.
या "उद्या ये"चा आलेख कसा काढतात
मला अजून कळलेलं नाही.

ओतिएंदेने वही उभ्यानेच वाचली.
फळ्याकडे गेला, डस्टर उचललं,
बराच वेळ हातात धरून राहिला.
"शुक्रवारी हे अकरा दाखवले तर हसतील," म्हणाला.
मी म्हटलं, हसतील.

गुरुवारी नुकसानभरपाई द्यायला काठावर गेले.
न्यांग्वेसोने पैसे दोनदा मोजले,
त्यातले साठ शिलिंग वेगळे काढून
माझ्या हातावर ठेवले.
"आजची पेटी," म्हणाली.
"आणि तुझा नंबर बदलू नकोस."